कॉर्नेलियस वॉर्मरडॅम

कॉर्नेलियस अँथनी वॉर्मरडॅम (जन्म: २२ जून १९१५, लाँग बीच, कॅलिफोर्निया, मृत्यू: १३ नोव्हेंबर २००१, फ्रेस्नो, कॅलिफोर्निया) हे पोल व्हॉल्ट अर्थात बांबूउडी या मैदानी क्रीडाप्रकारातील अमेरिकन खेळाडू आणि प्रशिक्षक होते. १५ फूट (४.५७ मीटर) उंची ओलांडणारे ते जगातील पहिले खेळाडू होत. १३ एप्रिल १९४० रोजी त्यांनी ही उंची प्रथम पार केली. दुसऱ्या खेळाडूला ती पार करण्यासाठी १९५१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात १५ फूट वा त्याहून अधिक उंचीच्या ४३ उड्या एकट्या वॉर्मरडॅम यांच्या नावावर जमा झाल्या होत्या. २३ मे १९४२ रोजी त्यांनी नोंदवलेला ४.७७ मीटरचा जागतिक विक्रम जवळजवळ १५ वर्षे अबाधित राहिला.

वॉर्मरडॅम यांनी हे विक्रम बांबूच्या पोलवर केले. आजच्या फायबरग्लासच्या पोलप्रमाणे वाकून खेळाडूला वर फेकण्याची क्षमता त्या पोलमध्ये जवळजवळ नव्हती. त्यामुळे ताठ पोलवर केवळ धाव, पकड, झोका आणि बाहुबल यांच्या योग्य मेळातून माणूस किती उंच जाऊ शकतो, याचे प्रमाण म्हणून त्यांच्या उड्यांकडे पाहिले जाते. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळातील १९४० आणि १९४४ चे ऑलिंपिक सामने दुसऱ्या महायुद्धामुळे रद्द झाले. परिणामी आपल्या काळातील या सर्वश्रेष्ठ खेळाडूला ऑलिंपिकमध्ये कधीही भाग घेता आला नाही.

बालपण आणि शिक्षण

वॉर्मरडॅम यांचे आईवडील नेदरलँड्समधून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. या डच वंशामुळेच त्यांना 'डच' हे टोपणनाव मिळाले आणि पुढे वृत्तपत्रांतूनही ते त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांचे बालपण कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यातील हॅनफर्ड या गावाजवळ, कुटुंबाच्या शेतावर गेले. हा प्रदेश फळबागा व भाजीपाल्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. शेतातच त्यांनी बांबूउडीचा सराव सुरू केला. सुरुवातीला पीचच्या झाडाची फांदी पोल म्हणून वापरून ते उड्या मारत, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात सांगितले जाते.

हॅनफर्ड येथील शालेय शिक्षण संपल्यावर ते शेतीकामात गुंतले. पालकाच्या शेतात उड्या मारणारा हा तरुण एका फिरत्या विक्रेत्याच्या नजरेस पडला आणि त्याने ही बातमी फ्रेस्नो स्टेट कॉलेजचे मैदानी खेळांचे प्रशिक्षक फ्लिंट हॅनर यांच्या कानावर घातली, अशी आख्यायिका आहे. हॅनर यांच्या मार्गदर्शनाखाली वॉर्मरडॅम यांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि क्रीडाशिक्षण एकत्र झाले. पदवी घेतल्यानंतर त्यांनी शालेय शिक्षक म्हणून नोकरी धरली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबतर्फे स्पर्धांमध्ये भाग घेणे चालू ठेवले. हौशी खेळाडूला खेळातून अर्थार्जन करण्यास त्या काळी मनाई असल्याने नोकरी सांभाळून सराव करणे हीच बहुतेक खेळाडूंची रीत होती.

पार्श्वभूमी: बांबूचे युग

एकोणिसाव्या शतकात पोल व्हॉल्टसाठी ॲश, हिकरी अशा जड व कठीण लाकडाचे पोल वापरले जात आणि त्यांच्या टोकाला जमिनीत रुतणारा लोखंडी खिळा असे. इंग्लंडमधील अल्व्हर्स्टन परिसरातील खेळाडू पोल उभा राहिल्यावर त्यावर हातांनी चढत जात आणि मग दांडी ओलांडत. अमेरिकेत या चढण्यावर बंदी आली. वरचा हात एकदा जेथे धरला तेथेच ठेवायचा, या दंडकामुळे पोल व्हॉल्टचे स्वरूप बदलले. उंची गाठण्यासाठी आता धावेचा वेग आणि शरीराचा झोका यांवरच विसंबावे लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडाची जागा बांबूने घेतली. बांबू आतून पोकळ व वजनाला हलका असल्याने तो हातात धरून अधिक वेगाने धावता येत असे. पोल फुटू नये म्हणून त्यावर पट्टी गुंडाळत. चांगल्या प्रतीचे बांबू मुख्यतः जपानमधून अमेरिकेत येत. मराठीत या खेळाला रूढ झालेले 'बांबूउडी' हे नावही याच युगाची आठवण देते. बांबू मैदानावरून नाहीसा झाला तरी नाव टिकून राहिले.

पुढे पोलचे टोक टेकवण्यासाठी जमिनीत उतरती पेटी बसवली जाऊ लागली आणि टोक घसरण्याची भीती कमी झाली. मात्र उतरण्याची जागा वाळूची किंवा लाकडाच्या भुश्याची असे. आज खेळाडू जाड फोमच्या गादीवर पाठीवर पडतो. त्या काळी साडेचार मीटर उंचीवरून पायांवर उतरावे लागे, म्हणून दांडी ओलांडल्यानंतरही शरीरावर ताबा राखणे हा तंत्राचाच भाग होता.

उंचीचे टप्पे या काळात फुटांनी मोजले जात. १९१२ मध्ये मार्क राइट यांनी ४.०२ मीटरची उडी मारून १३ फुटांची मर्यादा ओलांडली. १९२७ मध्ये सेबिन कार १४ फुटांपलीकडे गेले. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बिल सेफ्टन आणि अर्ल मेडोज या जोडीने एकाच दिवशी १४ फूट ११ इंच (४.५४ मीटर) उंची गाठली. १५ फुटांना आता एकच इंच कमी होता. तरीही हा इंच पार होण्यास आणखी तीन वर्षे लागली आणि १५ फूट ही बांबूच्या पोलवर मानवी शक्तीची सीमा असावी, असे अनेकांना वाटू लागले.

स्पर्धात्मक कारकीर्द

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉर्मरडॅम यांची गणना अमेरिकेतील अग्रगण्य खेळाडूंमध्ये होऊ लागली. १९३८ मध्ये त्यांनी हौशी क्रीडा महासंघाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पुढे १९४० ते १९४४ अशी सलग पाच वर्षे ते स्वतःकडे राखले.

१३ एप्रिल १९४० रोजी बर्कली येथे, वयाच्या २४ व्या वर्षी, त्यांनी १५ फुटांवरची दांडी ओलांडली. जागतिक महासंघाच्या विक्रमांच्या अधिकृत यादीत त्यांचे नाव प्रथम आले ते त्याच वर्षीच्या २९ जून रोजी फ्रेस्नो येथे नोंदवलेल्या ४.६० मीटरच्या उडीने. ज्या शहरात त्यांचे शिक्षण झाले त्याच शहरात हा विक्रम घडला. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी आपलाच विक्रम दोनदा सुधारला.

त्यांचे अधिकृत जागतिक विक्रम पुढीलप्रमाणे आहेत:

- ४.६० मीटर – २९ जून १९४०, फ्रेस्नो
- ४.७२ मीटर – ६ जून १९४१, कॉम्प्टन
- ४.७७ मीटर – २३ मे १९४२, मॉडेस्टो

मॉडेस्टो येथील उडी १५ फूट ७¾ इंचांची होती. म्हणजे सेफ्टन आणि मेडोज यांच्या विक्रमापेक्षा ती २३ सेंटिमीटरने अधिक होती. यापूर्वी १९२७ ते १९३७ या दहा वर्षांत हा विक्रम २७ सेंटिमीटरने पुढे सरकला होता आणि त्यात अनेक खेळाडूंचा वाटा होता. जवळजवळ तेवढीच वाढ वॉर्मरडॅम यांनी एकट्याने दोन वर्षांच्या आत घडवून आणली.

बंदिस्त सभागृहातील स्पर्धांमध्येही त्यांचेच वर्चस्व होते. २० मार्च १९४३ रोजी शिकागो येथे त्यांनी १५ फूट ८½ इंचांची (४.७९ मीटर) उडी मारली. ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक उंची होय. हा विक्रम १९५९ पर्यंत टिकला. त्या वर्षी डॉन ब्रॅग यांनी तो मोडला. युद्धकाळात वॉर्मरडॅम अमेरिकेच्या नौदलात सेवेत होते. १९४४ नंतर त्यांनी प्रमुख स्पर्धांमधून निवृत्ती घेतली.

ऑलिंपिकपासून वंचित

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी वॉर्मरडॅम महाविद्यालयात शिकत होते. त्या वर्षीच्या अमेरिकी चमूत मेडोज, सेफ्टन आणि बिल ग्रेबर यांचा समावेश होता. मेडोज यांनी ४.३५ मीटर उडीसह सुवर्णपदक पटकावले, तर जपानचे शुहेई निशिदा आणि सुएओ ओए यांनी अनुक्रमे रौप्य व कांस्य पदके मिळवली.

पुढील ऑलिंपिक १९४० मध्ये टोकियो येथे होणार होते. चीनशी युद्ध पेटल्यामुळे जपानने यजमानपद सोडले, ते हेलसिंकीकडे गेले आणि अखेर युरोपातील युद्धामुळे सामनेच रद्द झाले. १९४४ चे लंडन येथील सामनेही याच कारणाने झाले नाहीत. या दोन्ही वर्षांत वॉर्मरडॅम यांच्या आसपास फिरकणारा एकही प्रतिस्पर्धी जगात नव्हता. युद्धाने खेळाडूंच्या या पिढीकडून याहून अधिकही हिरावून घेतले: बर्लिनचे कांस्यपदक विजेते ओए डिसेंबर १९४१ मध्ये लढाईत मारले गेले.

१९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक पुन्हा भरले, तेव्हा वॉर्मरडॅम ३३ वर्षांचे होते आणि महाविद्यालयात वेतन घेऊन प्रशिक्षकाचे काम करत होते. तत्कालीन नियमांनुसार प्रशिक्षणासाठी वेतन घेणारी व्यक्ती व्यावसायिक ठरत असे. त्यामुळे ते सहभागास अपात्र होते. या स्पर्धेत अमेरिकेच्याच गिन स्मिथ यांनी ४.३० मीटर उडीसह सुवर्णपदक जिंकले.

नंतरच्या ऑलिंपिकमधील विजयी उंची पाहिली असता वॉर्मरडॅम यांच्या १९४२ च्या ४.७७ मीटर या उडीचे मोल ध्यानात येते:

- १९४८, लंडन – ४.३० मीटर
- १९५२, हेलसिंकी – ४.५५ मीटर
- १९५६, मेलबर्न – ४.५६ मीटर
- १९६०, रोम – ४.७० मीटर
- १९६४, टोकियो – ५.१० मीटर

१९६४ मध्ये फ्रेड हॅन्सन यांनी फायबरग्लासच्या पोलवर ५.१० मीटर उंची गाठेपर्यंत कोणत्याही ऑलिंपिक विजेत्याची विजयी उडी वॉर्मरडॅम यांच्या विक्रमाइतकी उंच नव्हती. अर्थात विक्रम आणि ऑलिंपिक अंतिम फेरी यांची परिस्थिती वेगवेगळी असते. हवामान, थकवा आणि दडपण यांचा परिणाम निकालावर होतो. तरीही २२ वर्षांचे हे अंतर बोलके आहे.

तंत्र

पोल व्हॉल्टमध्ये धावण्यातून मिळालेली गतिज ऊर्जा उंचीत रूपांतरित केली जाते. एखादा खेळाडू सेकंदाला ९ मीटर वेगाने धावत असेल आणि ही सगळी ऊर्जा उंचीत बदलली, तर त्याचा गुरुत्वमध्य सुमारे ४.१ मीटर वर जाईल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १ मीटरवर असतो, म्हणजे आदर्श स्थितीत तो ५ मीटरच्या थोडा वर पोहोचेल. प्रत्यक्षात मात्र पोल पेटीत टेकताना बसणाऱ्या हिसक्यात या ऊर्जेचा काही भाग वाया जातो आणि हाताच्या जोराने त्याची काही अंशी भरपाई करावी लागते. ताठ पोलच्या तंत्रातील प्रत्येक सुधारणेचा उद्देश हा अपव्यय कमी करणे हाच होता.

ताठ पोलवरील उडीत एकाच वेळी दोन लंबक कार्यरत असतात. पहिला लंबक उलटा असून तो म्हणजे पेटीतील टोकाभोवती उभा होत जाणारा पोल. दुसरा म्हणजे हातांच्या पकडीखाली झुलणारे खेळाडूचे शरीर. शरीर फार लवकर वर उचलले गेले तर पहिल्या लंबकाचा वेग मंदावतो, पोल सरळ उभा राहण्यापूर्वीच थांबतो आणि खेळाडू मागे पडतो. शरीर फार उशिरा वर गेले तर पोल उभा राहतो, परंतु पाय दांडीपर्यंत पोहोचत नाहीत. या दोन लंबकांची सांगड घालणे हे ताठ पोलच्या तंत्राचे मर्म होय आणि वॉर्मरडॅम यांचे श्रेष्ठत्व मुख्यतः येथेच दिसून येत असे.

या तंत्राचे प्रमुख टप्पे असे सांगता येतील:

धाव आणि पकड. पोलवर जितकी उंच पकड तितकी अधिक उंची शक्य होते. पण पकड उंच घेतल्यास पोल उभा करण्यासाठी अधिक वेग लागतो. म्हणून पकडीची उंची वेगावरून ठरते. वॉर्मरडॅम यांची धाव जलद आणि एकसारखी असे. पोल घेऊन धावताना गती शेवटच्या पावलांपर्यंत टिकवणे हा त्यांच्या यशाचा पाया होता.

हात सरकवणे. धावताना दोन्ही हातांत अंतर असते, कारण पोलचा तोल सांभाळायचा असतो. पोल पेटीत टेकवताना खालचा हात वर सरकवून वरच्या हाताजवळ आणला जाई. दोन्ही हात एकत्र आल्यामुळे शरीर एकाच बिंदूखाली मोकळेपणे झुलू शके. हात दूर राहिले तर खालचा हात अडसर ठरून ताठ पोलवरचा झोका खुंटे. ही हालचाल धावेचा वेग न मोडता, क्षणार्धात करावी लागे.

उसळी. उसळी घेणारा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली पडावा लागतो. पाय पुढे पडल्यास पोल खेळाडूला मागे खेचतो आणि हिसका वाढतो. फार मागे पडल्यास वेग वाया जातो. बांबू फारसा वाकत नसल्याने या चुकीला माफी नव्हती.

लांब झोका. जमीन सोडल्यावर वॉर्मरडॅम घाईने पाय वर घेत नसत. शरीर ताणलेले ठेवून ते पोलमागे लोंबकळत राहत आणि पोल उभा होऊ देत. त्यानंतर पाय जोराने वर झुलवून शरीर उलटे होत असे.

ओढ, वळण आणि ढकल. पोल जवळजवळ उभा झाल्यावरच हातांची ओढ सुरू होई. पाय वर जात असतानाच शरीर वळून तोंड जमिनीकडे येई आणि अखेरीस पोलवर हातांनी रेटा देऊन शरीर दांडीपलीकडे नेले जाई. या टप्प्यात खांदे व दंडांचे बळ निर्णायक ठरते. शेतातील कामाने कणखर झालेल्या वॉर्मरडॅम यांच्याकडे ते पुरेपूर होते.

वेग, झोका आणि बळ यांपैकी एखाद्या गुणात त्यांच्या तोडीचे खेळाडू होते. मात्र हे तिन्ही गुण योग्य क्रमाने आणि योग्य क्षणी एकत्र आणणे वॉर्मरडॅम यांना पुनःपुन्हा साधले. एखादी अपवादात्मक उडी योगायोगाने घडू शकते. १५ फुटांवरील ४३ उड्या तंत्राची स्थिरता सिद्ध करतात.

विक्रमानंतरचा काळ

महायुद्धात जपानकडून होणारा बांबूचा पुरवठा थांबला आणि युद्धोत्तर काळात पोलाद व ॲल्युमिनियमचे पोल प्रचारात आले. हे पोल टिकाऊ आणि एकसारख्या गुणांचे होते. परंतु त्यांच्यावरील तंत्र मुळात ताठ पोलचेच राहिले. १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्स हे १५ फूट ओलांडणारे दुसरे खेळाडू ठरले. १९५२ आणि १९५६ चे ऑलिंपिक सुवर्णपदकही त्यांनीच जिंकले, तरी वॉर्मरडॅम यांचा जागतिक विक्रम मात्र त्यांना मोडता आला नाही.

२७ एप्रिल १९५७ रोजी पालो आल्टो येथे बॉब गुटोव्स्की यांनी धातूच्या पोलवर ४.७८ मीटरची उडी मारली आणि वॉर्मरडॅम यांचा विक्रम एका सेंटिमीटरने मागे पडला. १९६० मध्ये डॉन ब्रॅग यांनी तो ४.८० मीटरवर नेला. म्हणजे १९४२ पासून १८ वर्षांत ताठ पोलवरील विक्रमात अवघी ३ सेंटिमीटरची भर पडली.

याच सुमारास फायबरग्लासचे पोल मैदानात येत होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ग्रीसचे जॉर्जिओस रुबानिस यांनी अशा पोलवर कांस्यपदक मिळवले होते. हा पोल टेकताच वाकतो. हिसक्यात वाया जाणारी ऊर्जा साठवतो आणि सरळ होताना ती खेळाडूला परत देतो. शिवाय वाकल्यामुळे पोलच्या दोन टोकांतील अंतर कमी होते, त्यामुळे अधिक उंच पकड घेऊनही तो उभा करता येतो. मे १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी ४.८३ मीटर उडीसह फायबरग्लासवरील पहिला जागतिक विक्रम केला. २ फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन युल्सेस यांनी न्यू यॉर्क येथे १६ फुटांची मर्यादा ओलांडली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये जॉन पेनेल १७ फुटांपलीकडे गेले.

या टप्प्यांमधील कालावधी पाहण्याजोगा आहे. १३ फुटांवरून १४ फुटांवर जाण्यास १५ वर्षे लागली, १४ वरून १५ वर जाण्यास १३ वर्षे आणि १५ वरून १६ वर जाण्यास जवळजवळ २२ वर्षे. १६ वरून १७ फुटांचा पल्ला मात्र साधारण दीड वर्षात गाठला गेला. खेळाडूंच्या शरीरात एवढ्या अल्पावधीत तसा फरक पडणे शक्य नव्हते. बदलले होते ते पोलचे द्रव्य आणि त्याला अनुसरून तंत्र. या पार्श्वभूमीवर फायबरग्लासच्या पोलमुळे खेळाची निष्पक्षता बिघडते की खेळाची प्रगती होते, यावर त्या काळी बराच वाद झाला. अखेर नव्या पोलला मान्यता मिळाली आणि ताठ पोलचे युग संपले.

तंत्रावरील प्रभाव

फायबरग्लासच्या युगात हात सरकवण्याची पद्धत नाहीशी झाली. पोल वाकवण्यासाठी दोन्ही हातांत अंतर ठेवणे आवश्यक ठरले. सुरुवातीच्या काळात पोल कसा अधिक वाकवता येईल यावरच अनेक खेळाडूंचे लक्ष केंद्रित झाले. कालांतराने, पोलचे वाकणे हे साधन असून पोल वेगाने उभा करणे हे साध्य आहे, हा विचार पुन्हा बळावला.

सोव्हिएत प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांनी सर्गेई बुबका यांच्यासाठी विकसित केलेल्या पद्धतीत पोलचे टोक पेटीच्या मागील भिंतीला लागण्यापूर्वीच खेळाडूने उंच हातांनी जमीन सोडावी, शरीर ताणलेले ठेवून लांब झोका घ्यावा आणि संपूर्ण उडीत पोलला सतत ऊर्जा देत राहावे, यांवर भर होता. बुबका यांनी १९९४ मध्ये ६.१४ मीटर उंची गाठली. हिसका टाळणे, पोलला उभा होऊ देणे आणि लांब झोक्यातून वर जाणे ही तत्त्वे ताठ पोलच्या तंत्राशी नाते सांगणारी आहेत. त्यामुळे फायबरग्लासवर उड्या मारणाऱ्या आजच्या खेळाडूंनाही वॉर्मरडॅम यांच्या तंत्राचा अभ्यास उपयुक्त ठरतो. नवशिक्यांना आरंभी आखूड, न वाकणाऱ्या पोलवर सराव देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, कारण झोका आणि उसळी यांतील चुका अशा पोलवर लगेच उघड होतात.

प्रशिक्षक

वॉर्मरडॅम १९४७ मध्ये फ्रेस्नो स्टेट कॉलेजमध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९८० मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच संस्थेत राहिले. ज्या प्रशिक्षकांनी त्यांना घडवले होते त्या फ्लिंट हॅनर यांच्याच परंपरेचे काम त्यांनी पुढे चालवले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ मध्ये संस्थेच्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या मैदानी स्पर्धांत महाविद्यालयीन गटाचे विजेतेपद मिळवले. ऑलिंपिकच्या दारातून ज्या नोकरीमुळे त्यांना परतावे लागले, तिलाच त्यांनी आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे दिली.

सन्मान

- १९४२: अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट हौशी खेळाडूस दिला जाणारा जेम्स ई. सलिव्हन पुरस्कार. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले पोल व्हॉल्टपटू होत.
- १९७४: अमेरिकेच्या राष्ट्रीय मैदानी क्रीडा सन्मानगृहात स्थापनेच्या वर्षीच समावेश.
- फ्रेस्नो येथील त्यांच्या विद्यापीठातील मैदानी खेळांच्या क्रीडांगणाला 'वॉर्मरडॅम फील्ड' असे नाव देण्यात आले आहे.

अखेरचे दिवस

निवृत्तीनंतर वॉर्मरडॅम यांचे वास्तव्य फ्रेस्नो येथेच होते. अखेरच्या काळात ते अल्झायमर आजाराने ग्रस्त होते. १३ नोव्हेंबर २००१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी आणि पाच अपत्ये असा परिवार होता.

मूल्यमापन

ऑलिंपिक पदक हा खेळाडूच्या थोरवीचा एकमेव निकष मानल्यास वॉर्मरडॅम यांच्या नावापुढे काहीच नोंद दिसत नाही. विक्रमांच्या आजच्या यादीतही ४.७७ मीटर ही उंची सामान्य वाटू शकते, कारण फायबरग्लासच्या पोलवर महाविद्यालयीन खेळाडूही ती ओलांडतात. म्हणूनच त्यांच्या कामगिरीचे मोजमाप त्यांच्या समकालीनांशी तुलना करून आणि ताठ पोलच्या मर्यादा लक्षात घेऊन करणे उचित ठरते. १५ फुटांपलीकडे जवळजवळ अकरा वर्षे एकट्यानेच असणे, बांबूवरचा विक्रम मोडण्यास धातूच्या पोलला १५ वर्षे लागणे आणि त्यानंतरही ताठ पोलवर केवळ ३ सेंटिमीटरची भर पडणे, या तीन गोष्टींवरून त्यांनी हे तंत्र त्याच्या परिसीमेच्या अगदी जवळ नेऊन ठेवले होते, असे म्हणता येते. मैदानी खेळांच्या इतिहासात समकालीनांवर इतके दीर्घकाळ आणि इतके निर्विवाद वर्चस्व गाजवणाऱ्या मोजक्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते.